बसायची उंची

रत्नागिरीजवळच्या आरे गावातल्या आमच्या घरात माजघराची खिडकी जमिनीपासून सव्वा फुटावर सुरू होते. सतरंजी टाकून बसलं की चौकटीची पट्टी कोपराला लागते, अंगणातली तुळस डोळ्यांच्या रेषेत येते आणि सुरूच्या बनातून निघालेला वारा थेट अंगावर येतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मुंबईत लोकांची घरं सजवून देण्याचं काम करत होते. पहिल्याच मे महिन्यात मी त्या खिडकीला लागून एक लांब सोफा ठेवला. राखाडी कापड, बारीक पाय, शेजारी घरातला जुना शिसवी पेटारा, त्यावर पितळेची समई. जुन्या-नव्याचा मेळ म्हणून कुणी फोटो काढावा असा तो कोपरा झाला होता. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुपारची पोथी घेऊन त्या माजघराऐवजी पडवीत बसायला लागल्या, इतकंच. पाऊस सरता सरता एकदा मी तिथे सहज जमिनीवर टेकले आणि मग मला कळलं. सोफ्याच्या पाठीने निम्मी खिडकी बुजली होती. वारा कापडावर आपटून परत जात होता. त्यांची रोजची जागा मी काढून घेतली होती.

सोफा हलवला. पण तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही आणि त्यातूनच हे पुस्तक झालं. जुन्या घरात नवं सामान आणताना किंवा नव्या फ्लॅटमध्ये आजीची खुर्ची ठेवताना आपण रंग बघतो, लाकडाची जात बघतो, एकमेकांना शोभतं का ते बघतो. माणूस जमिनीपासून किती उंचीवर बसणार, हे बघायचं राहून जातं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी खात्रीने सांगते, मेळ बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. आधी तो अंगाला जमावा लागतो, डोळ्याला मग आपोआप जमतो.

कोकणी घरात बसायचं सामान मुळात फार नव्हतंच. पाट दोन इंचांचा, चौरंग फूटभर उंचीचा, ओटीवर पाय सोडून बसायला जोत्याची कड, पडवीत एखादं बाकडं. ठेवायचं सामान तर भिंतीनेच पोटात घेतलेलं: कोनाडे, दिवळी, फडताळ, खुंट्या, कपड्यांची वळणी, वर माळा, चुलीजवळ शिंकं. घर हेच फर्निचर होतं आणि जमीन मोकळी होती. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर आरे-वाऱ्याची चढण उतरून, गणपतीपुळ्याच्या पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे तिथे जा. उलट्या दिशेला रत्नागिरीत टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आहे. दोन्ही घरांत वस्तूंवरून नजर काढून वस्तूंमधली जागा बघा. खिडक्या कुठून सुरू होतात, कोनाडा किती उंचीवर आहे, बसलेल्या माणसाचा हात कुठपर्यंत पोचतो. सगळं मोजमाप मांडी घालून बसलेल्या माणसाचं आहे.

अशा खोलीत अठरा इंच उंचीची बैठक आणली की खोली एकदम ठेंगणी होते. कोनाडा गुडघ्याशी येतो, खिडकी कमरेखाली जाते. आणि याच्या उलट, नव्या फ्लॅटमध्ये, जिथे खिडकीची पट्टी अडीच-तीन फुटांवर असते, तिथे खाली गादी-लोड मांडून पारंपरिक बैठक केली की बसणाऱ्याला समोर फक्त भिंत दिसते. लोक तिथे दोनदा बसतात, मग ती जागा कुत्र्या-मांजरांची होते. माझा साधा नियम असा आहे: जिथे बसल्यावर बाहेरचं दिसतं, ती त्या खोलीची उंची. जुनं असो, नवं असो, त्या उंचीला जे बसतं ते तिथे ठेवावं. उरलेलं दुसऱ्या खोलीत.

'जुनं कोकणी घर' म्हणजे काही एकाच मातीत उगवलेली निर्मळ गोष्ट होती, असं मात्र कुणी समजू नये. जांभ्याचे चिरे इथले, फणस-ऐन-किंजळीचे वासे इथले. पण डोक्यावरची मंगलोरी कौलं घ्या. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला त्यांचा कारखाना घातला, त्यानंतर ती किनाऱ्याने वर सरकत आली. त्याआधी नळ्याची कौलं नाहीतर गवताचं छप्पर. आमच्या घराची कौलं आज आजोबांइतकी जुनी वाटतात, पण ती बसली तेव्हा गावात कुणीतरी त्यांना नव्या फॅशनची म्हणून नाव ठेवलंच असेल.

सागाचंही तसंच. मुंबई-कोकणातल्या जुन्या कपाटावर हात ठेवून कुणी 'अस्सल बर्मा टीक' म्हणालं की मला रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत निघालेली कंपनी ब्रह्मदेशातून सागवान आणायची. लाकडाच्या हिशेबावरून तिथल्या दरबाराने तिला मोठा दंड केला. ते निमित्त धरून इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. ज्या सागापायी त्याचं राज्य गेलं, तो साग आपल्या घरांत पलंग, कपाटं आणि झोपाळे होऊन बसला आहे. जुन्या वस्तूकडे बघताना एवढं तरी माहीत असावं असं मला वाटतं. तिच्या अंगावर फक्त आपल्या आजीचे हात फिरलेले नसतात.

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला नक्षीच्या शिसवी खुर्च्या आणि कोच दिसतात, तेही असेच मिश्र वाणाचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आराखड्यावर इथल्या सुतारांनी आपली पानं-फुलं कोरली आणि त्या मालाला पुढे बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून नाव झालं. इराण्याच्या हॉटेलातली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. तिचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ मध्ये काढलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीत आहे. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि पोचल्यावर जोडायच्या. आज खोक्यातून येणारं, घरी स्क्रू पिळून जोडायचं फर्निचर आपण अगदी अलीकडचं समजतो. त्याला दीडशे वर्षं कधीच उलटली. आणि आपलं लोखंडी कपाट? गोदरेजने ते १९२३ पासून बनवायला घेतलं. आमच्या माजघरातलं कपाट सासूबाईंच्या लग्नातलं. त्यांच्या मते ते 'नवं' आहे, माझ्या मुलीच्या मते 'व्हिंटेज'. दोघीही बरोबर आहेत.

चाकरमान्यांनी हे सगळं इथे आणलं. मुंबईची बोट यायची तेव्हा ती किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आरसे, वेताच्या खुर्च्या पडावातून उतरायच्या. आमच्या घरातल्या आरामखुर्चीच्या एका पायाला तळाशी खाऱ्या पाण्याचा पांढरट वण आहे, तो त्या उतरण्यातला आहे असं घरात सांगतात. पॉलिश करताना तो घासून काढायला मी दरवेळी नकार देते.

आता जेवणाच्या टेबलाची गोष्ट सांगते, कारण या विषयात मला जे म्हणायचं आहे ते तिथे सगळ्यात स्पष्ट झालं. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायला कायमची मनाई केली. एरवी अडलं नाही, त्या स्वयंपाकघरात टेबलावर जेवायच्या. पण गौरी-गणपतीत माजघरात पंगत बसते, तीस-पस्तीस माणसं, पाट मांडून. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "तुम्ही बसून घ्या, मी मागाहून बसते." ज्या बाईने पन्नास वर्षं त्या पंगतीला वाढलं, ती स्वयंपाकघरात एकटी जेवली.

पुढच्या आषाढात मी गावातल्या सुतारकाकांना बोलावलं. माझ्या डोक्यात शहरात बघितलेलं एक देखणं टेबल होतं. त्यांनी माजघरात एक फेरी मारली, सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, मग बाकावर बसवलं, गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत टेप लावली. "वहिनी, टेबल विकत आणू नका," ते म्हणाले. "माळ्यावर फणसाची फळी पडलीय ती काढूया. आणि काकींना खुर्ची नको. पंगतीत खुर्ची मांडली की त्या एकट्या उंच दिसतील."

फळी साडेचार फूट लांब निघाली. फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं मधासारखं, मग तपकिरी होत जातं. ही फळी वरून काळी पडली होती, पण रंधा मारला आणि आत तो मध दिसला. तिला त्यांनी चपडा लाखेचं पॉलिश दिलं: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाची कापडात बांधलेली पुरचुंडी, आणि गोल गोल फिरणारा हात, दिवसाला दोन हात, चार दिवस. पाय मात्र घडीचे, स्टेनलेस स्टीलच्या नळीचे, रत्नागिरीत वेल्डिंग करून घेतले. पडवीतल्या जुन्या बाकड्याचे पाय दोन इंचांनी कापून बैठक सोळा इंचांवर आणली आणि टेबल सत्तावीसवर. बैठक आणि टेबल यांत अकरा इंच राहिले की हात खांदा न उचलता ताटापर्यंत जातो. सण झाला की पाय मिटतात आणि फळी भिंतीला टेकून उभी राहते, जमीन पुन्हा मोकळी.

त्या गणपतीत सासूबाई पंगतीच्या टोकाला बसल्या. सगळ्यांच्या वर होत्या, पण थोड्याच. शेजारी पाटावर बसलेल्या नातवाला त्या आपल्या ताटातला मोदक हात खाली करून देऊ शकत होत्या. स्टीलचे पाय आणि फणसाची फळी एकमेकांना शोभतात का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मार्सेल ब्रॉयरने १९२८ मध्ये स्टीलची नळी वाकवून तिच्यात वेताची जाळी बसवली आणि ती खुर्ची जगभर पोचली, तेव्हा यंत्रातलं धातूचं अंग आणि हातविणीचं वेताचं अंग एकत्र आलं होतं. आमच्या सुतारकाकांना त्याचं नाव माहीत नाही. अडचण तीच होती आणि उत्तर त्याच जातीचं निघालं.

शहरातल्या पुस्तकांत जे येत नाही ते इथे सविस्तर आलं आहे, ते म्हणजे पाऊस आणि खारी हवा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात आरशावर मीठ बसतं. मी स्वतः एका दुकानातून भुसा-बोर्डाचं टीव्हीचं कपाट आणलं होतं, दिसायला फार सुबक. श्रावणात त्याच्या तळाच्या कडा पोळीसारख्या फुगल्या आणि पुन्हा बसल्या नाहीत. अस्सल लाकूडही पावसात फुगतं, पण आडवं, तंतूंना काटकोनात. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुन्या सुतारांनी दारांच्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल सोडल्या. आषाढात दार जरा अडकतं, मार्गशीर्षात सुटतं. ते सैल अंतर म्हणजे हिशेब आहे, त्यात लांबी भरून बुजवू नका. भुशाच्या बोर्डात तंतूच नसतात. पाणी शिरलं की भुसा डिंक सोडतो आणि गोष्ट संपते. नवं करायचंच असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, कडा उघड्या ठेवू नका, आणि तळाला दोन इंच हवा खेळू द्या. स्क्रू पितळेचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टीलचे. ३०४ प्रतीचं शहरात चालतं, समुद्रकाठी त्याच्यावर चहासारखे डाग येतात. लोखंडी कपाटाचे पाय जांभ्याच्या चकत्यांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा. जुन्या लाकडाच्या पाठीला, जिथे दिसत नाही तिथे, काजूच्या टरफलाचं तेल चोळलं तर वाळवी लांब राहते. हातमोजे घालून चोळा, ते तेल कातडी भाजतं.

चपड्याच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, म्हणून लोक हल्ली जुन्या सामानावर पीयू (पॉलियुरेथेन) मारून घेतात. मी विरोधात आहे. लाखेवरचा डाग त्याच लाखेच्या एका हाताने पुन्हा मिसळतो. पीयू एकदा सोलायला लागलं की सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्याबरोबर शंभर वर्षांचा वरचा रंगही जातो. जपणं म्हणजे पुन्हा दुरुस्त करता येईल असं ठेवणं.

झोपाळ्यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे आणि ते सगळ्यात मोठं आहे. मला त्याची माफी मागावीशी वाटत नाही. कोकणी घरातली ही एकच बैठक अशी आहे की जिच्यावर लहान मूल, बाळंतीण, म्हातारा माणूस आणि पाहुणा सगळे सारख्या हक्काने बसतात. शिवाय तिची उंची साखळीच्या कड्या कमी-जास्त करून बदलता येते, म्हणून नव्या घरात सामावणारी पहिली जुनी वस्तू तीच. अडचण वरून येते. जुन्या घरात ऐनाची तुळई असते, तिच्यात कडी बसते. स्लॅबच्या घरात कड्यांचे हूक सळईला बांधून, काँक्रीट ओतण्याआधी टाकावे लागतात, आणि ते कुठे हवेत हे घर बांधून होण्याच्या आधी ठरवावं लागतं. पुढे-मागे तीन-साडेतीन फूट मोकळी जागा हवी, नाहीतर झोपाळा नुसता टांगलेला बाक होतो. पितळी कड्यांचा आवाज हा झोपाळ्याचा भाग आहे. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने कड्यांना तेल घालून आवाज बंद केला, तर रात्री घरातल्या कुणालाच लवकर झोप आली नाही.

वेताची विणही मी जवळून दाखवली आहे. आरामखुर्चीच्या चौकटीला कडेने भोकं असतात. भिजवलेला वेत आधी उभा, मग आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा, आणि शेवटी दोन तिरके पदर. असे सहा पदर झाले की अष्टकोनी जाळी उमटते. नायलॉनची पट्टी दोन तासांत बसते, वेताला दिवस जातात. पण मे महिन्याच्या दुपारी पाठीखालून वारा जातो तो वेतातूनच. ही वीण करणारे हात आता शोधावे लागतात. सापडले तर खुर्ची टाकण्याआधी त्यांना काम द्या.

एका गोष्टीबद्दल मला राग आहे आणि तो लपवलेला नाही. गेल्या काही वर्षांत किनाऱ्याने रस्ते चांगले झाले, आरे-वाऱ्याच्या वळणावर गाड्या थांबायला लागल्या, आणि जुन्या घरांचे खांब, दारं, तुळया यांचे सौदे व्हायला लागले. पडलेल्या घराचं दार आडवं करून, पाय लावून कुणी टेबल केलं तर मी आनंदाने त्या टेबलावर जेवेन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरांची छपरं उडाली, तिथलं लाकूड पुन्हा कामाला लागलं हे चांगलंच झालं. पण उभं घर, कौलं शाबूत, फक्त भावकीत वाटणी होत नाही म्हणून कुलूप लागलेलं, त्याचे कोरीव खांब काढून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात शोभेला उभे करायचे, हे मला पटत नाही. खांबाचं काम आढं पेलणं. त्याच्यावर भार नसेल तर तो कोपऱ्यात उभा केलेला ओंडका आहे. जात्याची कुंडी, पाट्या-वरवंट्याचं कारंजं यांबद्दलही माझं हेच म्हणणं. जुनी वस्तू घरात आणताना तिला रोजचं काही काम आहे का हे आधी विचारा. चौरंगावर टेबललॅम्प चालेल. पेटाऱ्यात पांघरुणं ठेवा. ताटाळ्यात मासिकं उभी राहतात, ती रोज काढली-घातली जातात. काम नसेल तर ज्याच्याकडे काम आहे त्याला द्या.

पुस्तकात चौदा घरं आहेत. सगळी आरे, वारे, काळबादेवी, नेवरे या पट्ट्यातली आणि इथून मुंबई-पुण्याला गेलेल्या माणसांची. घरमालकांची नावं त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत. फोटो मुद्दाम घर जसं असतं तसे काढले आहेत: झोपाळ्यावर वाळत टाकलेला टॉवेल तसाच आहे, टेबलावर औषधांचा डबा तसाच आहे.

मोजमापं फूट, इंच आणि सुतात ठेवली आहेत. एका इंचाचे आठ सूत. सेंटीमीटरमध्ये द्यावीत असा आग्रह झाला होता, पण आमच्याकडचे सुतार आजही सुतात बोलतात, आणि वाचकाने हे पुस्तक हातात घेऊन त्यांच्यासमोर उभं राहावं अशी माझी इच्छा आहे. सासूबाईंचं बाकडं सोळा इंच म्हणून वर लिहिलं, ते खरं तर सोळा इंच दोन सूत आहे. ते दोन सूत सुतारकाकांनी शेवटच्या दिवशी, त्यांना दोनदा उठवून-बसवून बघितल्यावर, पायाखाली चकत्या ठोकून वाढवले.